सूर्यभान मिस्त्रींची खंडेनवमी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण त्या दसऱ्याला दवाखान्यांच्या खिडक्यांवर मी ते इतक्या वेळा घेतलं, की आता कसली लाज? सूर्यभान. सूर्यभान मिस्त्री म्हणलं की नगरच्या एमआयडीसीत कुणीही त्यांचा लेथ दाखवील. मी त्यांची बायको मनकर्णा. माहेर खर्ड्याचं, घरी बसून ब्लाऊज शिवते आणि तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमचे हे बोलायला एकदम कमी. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, मुका तर नाही ना दिला माझ्या गळ्यात बांधून! सकाळी डबा घेऊन जायचं, दिवसभर लेथवर लोखंड कातायचं, संध्याकाळी यायचं, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी तेलाचा वास जायचा नाही. कुणाशी भांडण नाही, कशाचा हट्ट नाही. वर्षातून एकच दिवस हा माणूस माझं काही ऐकायचा नाही, तो म्हणजे खंडेनवमीचा.

खंडेनवमीला यंत्राला विसावा. हत्यारं पुसायची, तेल लावायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. हे सगळीकडंच करतात. पण आमच्याकडं त्याचं भलतंच स्तोम. आदल्या संध्याकाळी हे माझ्या शिलाई मशीनचा पट्टा काढून लपवून ठेवायचे. ऐन दिवाळीच्या तोंडावर! ब्लाऊजचा हा ढीग पडलेला, बाया दारात उभ्या, आणि माझं मशीन गळ्यात माळ घालून गप्प.

"अहो, एक बाही जोडायची राहिलीय, पट्टा द्या की," म्हणलं तर म्हणायचे, "न्हाई. आज लोखंडाला तरास द्यायचा न्हाई."

"आणि मला दिला तर चालतो का?"

त्यावर हसायचे, पण पट्टा काही द्यायचे नाहीत.

देवघरासमोर पाटावर सगळं मांडायचे. पाने, पक्कड, मापाचं मायक्रोमीटर, माझी कात्री, माहेरचा विळा, आणि सगळ्यात शेवटी ज्योतीची पत्र्याची पवनचक्की. ज्योती आमची एकुलती एक. चौथीत असताना शाळेच्या प्रदर्शनाला तिनं ती केली होती, डोंगरावरच्या पवनचक्क्या बघून. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाती आणि मधे लोखंडी दांडा. बक्षीसही मिळालं होतं. त्या खेळण्याला हे दरवर्षी हळदीकुंकू लावायचे, दांड्यावर तेलाचा थेंब सोडायचे आणि डोकं टेकवायचे. बाकीच्या हत्यारांपुढं नुसते हात जोडायचे, हिच्यापुढं मात्र डोकं. मी म्हणायचे, लेकीचं भारी कौतुक बाई बापाला!

त्या वर्षी गणपती बसले आणि ह्यांचं डोकं दुखायला लागलं. आधी मी लक्षच दिलं नाही. चहा कमी झाला असेल, उन्हाची बाधा असेल. मग एक दिवस जेवता जेवता हातातला तांब्या सुटला. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरून उभे राहिले, म्हणाले, "घर फिरतंय." आमच्याच गल्लीतल्या एका माणसाचं असंच डोकं दुखायला लागलं होतं. डोक्यात गाठ निघाली आणि वर्षाच्या आत खेळ खल्लास. त्याची बायको माझ्याकडंच ब्लाऊज शिवते. तिचं माप मी तीनदा घेतलं, तरी लिहायचं राहिलंच.

डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "एमआरआय करून घेऊ. काही नसेलही, पण बघितलेलं बरं." हे "नसेलही" फार वाईट असतं. नाही म्हणत नाहीत आणि आहे म्हणत नाहीत, तुमचं तुम्ही झुरत बसा.

सावेडीतल्या एका सेंटरवर नंबर लावला. तिथल्या माणसानं विचारलं, "अंगात सळई, प्लेट, पेसमेकर काही? कधी ऑपरेशन?"

"न्हाई," हे म्हणाले.

मीच वर हसत सांगितलं, "सगळी हयात लोखंडात गेली, पण अंगात नाही हो काही." नंबर लागला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा. तोवर फक्त वाट बघायची. मी त्या दिवसांत काय शिवलं नि काय उसवलं, देवाला ठाऊक. एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

आता ज्योतीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्या त्या यंत्रावरच आहे. ज्योती इथंच कॉलेजात पीएचडी करते. कॉलेजचं नाव घेऊ नको म्हणाली आहे, म्हणून घेत नाही. काय करतेस म्हणून विचारलं तर पहिल्यांदा तिनं मला असं काही सांगितलं की मी म्हणलं, बाई, मराठीत सांग. मग तिनं कांदा आणला.

"आई, कांद्याचा पापुद्रा काढतेस तसा मी चुंबकाचा पापुद्रा काढते. एक स्फटिक असतो, त्यात लोखंड आणि आणखी दोन धातू. त्याला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. निघालेल्या पापुद्र्याला परत पट्टी, परत ओढायचं. असं करत करत शेवटी दोन-चार अणूंच्या जाडीचा थर उरतो. केसाच्या जाडीत असले लाखभर थर बसतील."

"आणि त्याचं करायचं काय? लोणचं?"

"जाड चुंबक हट्टी असतो आई. हा पातळ चुंबक हळवा असतो. जवळपास जराशी जरी चुंबकाची ओढ आली, तरी तो बिथरतो. त्यातून मी बारीकशी वीज सोडलेली असते, ती लगेच कमी-जास्त होते आणि संगणकावरची रेघ उडते. त्यावरून कळतं, जवळ काहीतरी आहे."

हवा लागली की तो पापुद्रा नासतो, म्हणून त्याच्या वर-खाली दुसऱ्या पापुद्र्यांची पांघरुणं. एवढे लाड आम्ही हिचेसुद्धा केले नाहीत. खोलीसुद्धा रस्त्यापासून लांबची मागून घेतलेली, कारण रस्त्यानं एसटी गेली तरी रेघ हलायची. आत जाताना किल्ल्या, मोबाईल, पट्टा, केसातली पिन, सगळं बाहेर. मी एकदा गेले होते तर माझ्या पदराला अडकवलेल्या टाचण्यांनी तिची दुपार वाया गेली. त्यावरून घरी येऊन माझ्यावर ओरडली. मी पण ओरडले, टाचण्यांवरच तू मोठी झालीस म्हणलं.

खंडेनवमीला ज्योती सकाळी म्हणाली, "आप्पा, या वर्षी माझ्या यंत्राची पण पूजा करा की. दसऱ्यानंतर सरांचे पाहुणे येणार आहेत ते बघायला. मला लई भीती वाटतीय."

ह्यांना केवढा आनंद! डोकं दुखत होतं तरी धुतलेला शर्ट घातला. मी सोबत गेले, ह्यांना एकटं सोडायची मला आता हिंमतच नव्हती. दारात ज्योतीनं आमची झडती घेतली. ह्यांचा पट्टा, घड्याळ, चपला बाहेर. माझ्या जोडव्यांपासून टाचण्यांपर्यंत सगळं काढलं. हळदीकुंकू स्टीलच्या करंड्यातून आणलं होतं, ते कागदाच्या पुडीत ओतून घेतलं.

टेबलावर तळहाताएवढी पितळी डबी आणि त्यात मधोमध तांदळाएवढा काळा तुकडा. मी म्हणलं, एवढंच? शेजारी संगणकावर हिरवी रेघ सरळ चालली होती. ज्योतीनं दाखवलं, "बघा आप्पा, कशी शांत आहे."

ह्यांनी डबीच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. रेघ जागची हलली नाही. झेंडूचं फूल ठेवलं. काही नाही. मग हात जोडून हे वाकले आणि टेबलावर डबीपाशी डोकं टेकवलं. आणि रेघ टुणकन वर उडाली.

"आई, तुझ्या टाचण्या!" ज्योती ओरडली.

"अगं, सगळ्या बाहेर आहेत!"

मला तिनं खोलीबाहेर काढलं. दारातून बघत होते मी. हे परत वाकले, डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले, परत रेघ उडाली. चष्मा काढला, तरी उडाली. तोंडात बसवलेला दात नाही, गळ्यात काही नाही. हात पुढं केला तर काही नाही. छाती पुढं केली तर काही नाही. डोकं नेलं की मात्र ती मेली हजर. मग ज्योतीनं मला आत बोलावून माझं डोकं टेकवायला लावलं. रेघ ढिम्म. तिनं स्वतःचं टेकवलं. तरी ढिम्म.

"माज्या डोक्यात काय भरलंय म्हनायचं?" हे हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. मला तीच गाठ दिसत होती. मी विचारलं, "ज्योती, गाठ असली तर उडते का गं ही?"

"नाही आई, गाठ चुंबक नसते," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला वेगळीच काळजी. तिला वाटत होतं, यंत्रच बिघडलं. इतकी वर्षं पापुद्रे सोलून शेवटी हे असलं, माणूस बघून दचकणारं यंत्र? तिनं तिच्या शामकांत सरांना फोन लावला. सर म्हणाले, टेबलाला धक्का लागत असेल, नाहीतर जोडणी सैल असेल, दसऱ्यानंतर बघू.

दसऱ्याच्या दिवशी घरात पुरणाचा वास आणि तिघांच्या तोंडाला कुलूप. हे सोनं वाटायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले, चक्कर आली म्हणून. ज्योती सकाळीच कॉलेजात गेली होती, किल्ली मागून घेऊन. दुपारी आली, ताटावर बसली नाही. मला मागच्या ओट्यावर ओढून नेलं.

"आई, जोडण्या सगळ्या तपासल्या. टेबलाला धक्के देऊन बघितले. यंत्र बरोबर आहे. काल मी आप्पांना डावीकडून आणि उजवीकडून वाकायला लावलं होतं ना, तेव्हा डाव्या डोळ्याच्या बाजूनं रेघ जास्त उडाली होती. तिथं काहीतरी आहे. लोखंड आहे."

"डोळ्यात लोखंड? खुळी झालीस का तू?"

"उद्याचं ते एमआरआय म्हणजे एक प्रचंड चुंबक असतो आई. डोळ्यापाशी लोखंडाचा कण असला आणि आप्पा आत गेले, तर तो कण ओढला जाईल, फिरेल. डोळा जाईल. एमआरआय करायचा नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "करायचा नाही? माणूस डोळ्यादेखत झोकांड्या खातोय, उद्याचा नंबर लागलाय, आणि तुझ्या त्या कांद्याच्या सालीवर विश्वास ठेवून मी तपासणी थांबवू? गाठ निघाली आणि उशीर झाला तर? तू भरून देशील का माझं कुंकू?"

बोलायला नको होतं, पण बोलले. लेक रडायला लागली. म्हणाली, "मला पण तीच भीती आहे. माझं चुकलं असलं तर? माझ्यामुळं उशीर झाला तर?"

ह्यांना विचारू म्हणलं. ज्योतीनं विचारलं, "आप्पा, डोळ्यात कधी काही गेलं होतं?"

हे भिंतीकडं बघत म्हणाले, "लेथवाल्याच्या डोळ्यात जातंच काय ना काय. आमी एकमेकाचं काढतो फडक्याच्या टोकानं. ऱ्हात न्हाई आत काय." आणि कूस बदलली. हे खरंही होतं. त्यांच्यात तशीच रीत, डॉक्टर-बिक्टर काही नाही. पापणी उलटायची, फडकं फिरवायचं, परत लेथवर.

त्या रात्री कुणाला झोप लागली असेल तर शपथ. मी देवाला म्हणत होते, पोरीचं खरं ठरव. मग म्हणत होते, खोटं ठरव. शेवटी देवालाच म्हणलं, तुला हवं ते कर, पण ह्यांना ठेव.

सकाळी रिक्षानं सावेडीला गेलो. सेंटरमध्ये गारठा एवढा की माझे दात वाजायला लागले. आतून धडधड, धडधड आवाज येत होता, कुणाची तरी तपासणी चालली होती. ह्यांना हिरवा झगा घालायला दिला. त्या झग्यात माझा माणूस एवढासा दिसायला लागला. नाव पुकारलं आणि ज्योती दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. यांच्या डोळ्यापाशी लोखंड असावं असं मला वाटतं. आधी एक्स-रे काढा."

तिथला माणूस म्हणाला, "नंबर लावताना नाही म्हणाले होते ते. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"होणार आहे. भौतिकशास्त्राची."

मागं बाकावरची माणसं हसली. तो माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, शंका असेल तर मी आत घेणार नाही. पण पेशंटनी सांगायला पाहिजे. बोला काका, आहे का काही?"

हे म्हणाले, "न्हाई ओ. पोरीला काळजी वाटती, बाकी काय न्हाई. चला." आणि दाराकडं निघाले.

मी काय करावं? पोरीकडं बघावं का नवऱ्याकडं? माझ्या तोंडातून शब्द निघेना. मला, फटकळ मनकर्णेला! तेवढ्यात ज्योतीनं माझी पिशवी हिसकावली. मी कुठंही गेले तरी पिशवीत टाचण्यांची डबी असते आणि टाचण्या उचलायचा लोहचुंबक. तिनं ह्यांना बाकावर बसवलं, समोरचा कागद उचलला, त्यावर एक टाचणी ठेवली आणि कागदाखाली चुंबक धरला.

"आप्पा, बघा." तिनं चुंबक खालून सरकवला. टाचणी कागदावरून सर्रकन धावली. "हा चुंबक आईनं बाजारातून आणलेला. आतला याच्या कितीतरी पट जोरकस आहे. ही टाचणी कागदावर आहे. तुमची डोळ्यात असेल."

हे त्या टाचणीकडं बघत राहिले. परत दाखव म्हणून बोट केलं. तिनं परत दाखवलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "लई बारीक असला... कीस असला तरी?"

बाई गं! अख्खा संसार केला ह्यांच्याबरोबर, ह्या माणसाचं न बोललेलंही मला ऐकू येतं. त्या एका प्रश्नात सगळं होतं. ज्योती म्हणाली, "किसाहून बारीक असला तरी, आप्पा."

ह्यांनी झग्याची नाडी सोडायला सुरुवात केली. "मंग आधी फोटू काडा," म्हणाले.

एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर ह्यांची कवटी, डाव्या डोळ्याच्या खोबणीत पांढराशुभ्र ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढा. डॉक्टर ते बराच वेळ बघत होते. मग डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, कण डोळ्याच्या गोळ्याला धरून मागं जाऊन बसलाय, जुना आहे, शांत आहे, पण आत नेलं असतं तर डोळा वाचला नसता. आणि ज्योतीकडं वळून म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" मीच सांगितलं, "कांद्याच्या पापुद्र्यानं कळलं."

मग डोक्याचं सीटी स्कॅन केलं, त्यात चुंबक नसतो. त्याचा रिझल्ट येईपर्यंतचा वेळ मी माझ्या वैऱ्याला देणार नाही. गाठ नव्हती. मानेचे मणके झिजलेत, जन्मभर लेथवर वाकून, आणि ब्लडप्रेशर वाढलेलं. गोळ्या दिल्या, मानेला पट्टा दिला. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, कुणी गेलं माझं.

घरी आल्यावर रडणं संपलं आणि राग आला. ज्योती आत चहा टाकायला गेली. मी ह्यांच्यासमोर पाय रोवून उभी राहिले.

"कधी गेलं ते डोळ्यात? आता खरं बोला. नाहीतर माझ्याशी बोलूच नका."

ह्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "हळू बोल. पोरीला कळाय नगं." आणि सांगायला लागले.

ज्योती चौथीत होती. खंडेनवमीच्या दिवशी तिच्या पवनचक्कीचा लाकडी दांडा मोडला. दसऱ्यानंतर लगेच प्रदर्शन. पोर हुंदके देऊन देऊन तापली होती. ते मला आठवत होतं. हे घरातून गुपचूप निघाले, कारखान्याचं कुलूप काढलं, झेंडूची माळ घातलेला लेथ चालू केला. एवढासा लोखंडी दांडा कातला. काढताना अडकला, म्हणून वरून हातोडी घातली, आणि कण उडाला. डोळ्यात आग झाली. पाणी मारलं, लोहचुंबक डोळ्याला लावून बघितला, काही निघालं नाही. थोड्या दिवसांनी दुखायचं थांबलं, तेव्हा समजले, गेलं असेल निघून.

"मला म्हणाला होतात, गवताचं कुसळ गेलं!" मी म्हणलं. "मी रोज त्या डोळ्यात गुलाबपाणी घालत होते!"

"खंडेनवमीला मशीन चालू केल्तं. कुनाला सांगू? आन् पोरीला कळलं असतं तर जल्मभर मनात धरलं असतं, माज्यामुळं आप्पाच्या डोळ्याला झालं म्हनून. डोळ्याचं एवढं काय? दिसत हुतं की."

"म्हणून त्या पवनचक्कीपुढं डोकं टेकवता होय दरवर्षी?"

"माफी मागत हुतो लोखंडाची," हे म्हणाले.

मी मागं बघितलं. ज्योती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचं ताट. किती वेळ उभी होती कोण जाणे. ताट खाली ठेवलं, ह्यांना कप दिला, मला दिला, आणि आपला कप घेऊन ह्यांच्या डाव्या बाजूला चिकटून बसली. तोंडानं एक शब्द नाही. शेवटी बापाचीच लेक.

पाहुणे आले, यंत्र बघितलं, नावाजलं. ज्योतीनं त्यांना आमच्या घरातलं काही सांगितलं नाही. कण डॉक्टरांनी काढला नाही. शांत आहे तर छेडायला नको, म्हणाले. त्यामुळं हे लॅबमध्ये वाकले तर रेघ अजून उडते.

परवा पुढची खंडेनवमी आली. माझ्या मशीनचा पट्टा आदल्या संध्याकाळी गायब, ते काही बदललं नाही. पण या वर्षी पाटावर मांडामांड ज्योतीनं केली. पाने, पक्कड, मायक्रोमीटर, माझी कात्री, विळा, पवनचक्की. मग तिनं पवनचक्कीच्या शेजारी दुसरा पाट टाकला आणि म्हणाली, "आप्पा, बसा यावर."

"मी? मी कशापाई?"

"बसा म्हणते ना."

हे ओशाळून माझ्याकडं बघायला लागले. मला आधी काही उमगलंच नाही. हत्यारांच्या रांगेत मांडी घालून बसलेला माझा नवरा बघून मी हसणारच होते. ज्योतीनं पवनचक्कीच्या दांड्याला हळदीकुंकू लावलं. मग तेच बोट परत करंड्यात बुडवून ह्यांच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर टेकवलं.

"यात पण लोखंड आहे, आई," ती म्हणाली. "याची पूजा राहत होती इतकी वर्षं."

माझं हसू तोंडातच राहिलं. मी पदर तोंडात कोंबला.

हे मान खाली घालून बसले होते. हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली, तेलानं काळी झालेली नखं. मग तिला विचारलं, "तुजं यंत्र? आज चालू हाय का बंद?"

"कालच बंद करून आले, आप्पा."

"मंग बरं," हे म्हणाले आणि डोळे पुसले, दोन्ही.